बाटलीवरचं लेबल

आमच्या रावेर भागात केळी लावायची म्हणून आता मुनवे, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटणारे कोंब, खणायला कुणी जात नाही. आजोबांच्या काळी बसराई वाणाचे मुनवे ओळखीच्या बागेतून काढून, सोलून, बैलगाडीत घालून आणायचे. आता काही महिने आधी रोपांचं बुकिंग होतं आणि मृगबागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या लावणीच्या, वेळी टेम्पो थेट बांधावर येतो. काळ्या पिशव्यांतली जी-नाईन वाणाची रोपं, सगळी एका उंचीची, एका वयाची. सहा बाय पाच फुटांवर लावली तर एकरी साधारण साडेचौदाशे लागतात.

चार वर्षांपूर्वी आप्पांनी कांदेबागेला, म्हणजे पावसाळा सरतानाच्या लावणीला, दोन एकर लावले. दीड महिन्यात पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले आणि मागोमाग पोंगे, म्हणजे मधली न उघडलेली पानं, सडायला लागले. हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू. सातशेच्या वर झाडं आम्ही उपटून पुरली. जिथून रोपं घेतली होती तिथला माणूस येऊन म्हणाला, रोपं निरोगीच होती, तुमच्या शेतातल्या माव्यानं रोग आणला. आप्पांचं म्हणणं, इतक्या लवकर इतकी झाडं एकदम कशी लागतील? पुरावा दोघांकडेही नव्हता. रात्री जेवताना आप्पांनी मला विचारलं, "तू हेच शिकतेस ना गं? मग सांग, रोग रोपातून आला का माव्यातून?"

मी तेव्हा बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. ऊतीसंवर्धनावर, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवण्याच्या टिश्यू कल्चरवर, दहा मार्कांचं उत्तर आकृतीसकट लिहू शकत होते. वनस्पतीच्या एका पेशीतून अख्खं झाड उभं राहू शकेल ही कल्पना हाबरलांटनं १९०२ साली मांडली, मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी माध्यम तयार केलं, हे सगळं पाठ होतं. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र देता आलं नाही. एमएस्सी संपल्यावर पुण्याजवळच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत मी तीन महिन्यांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण घेतलं ते या एका प्रश्नापायी.

पहिला आठवडा बाटल्या धुण्यात गेला. आम्ही पाच प्रशिक्षणार्थी होतो आणि पाचही जणांना वाटलं होतं की थेट लॅमिनारवर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या निर्जंतुक टेबलावर, बसवतील. धुलाईच्या खोलीत काम करणाऱ्या मावशींनी एक गोष्ट दाखवली, ती अजून माझ्या हातात आहे. धुतलेली बाटली पालथी धरायची आणि काचेवरून पाणी कसं उतरतं ते बघायचं. पाण्याचा सलग पडदा सरकला तर बाटली स्वच्छ. थेंब थेंब अडकून राहिले तर कुठेतरी चिकटपणा किंवा साबण शिल्लक आहे, बाटली परत पाण्यात. साबणाचा अंश माध्यमात उतरला तर कोंब खुरटतात, आणि कारण शोधणारा माणूस साबण सोडून सगळीकडे शोधत बसतो.

दुसऱ्या आठवड्यात मीडिया, म्हणजे बाटलीतल्या रोपाला अन्न देणारं माध्यम. मुराशिगे-स्कूग यांच्या एमएस माध्यमात अमोनियम नायट्रेट लिटरला १६५० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १९००, साखर ३० ग्रॅम, माध्यम गोठवणारा अगर साधारण ८ ग्रॅम. रोज प्रत्येक क्षार मोजत बसणं शक्य नसतं, म्हणून दाट द्रावणं आधी करून ठेवतात. कॅल्शियमचं द्रावण नेहमी वेगळं ठेवायचं. दाट अवस्थेत ते फॉस्फेट आणि सल्फेटशी जुळून पांढरा साका तळाला बसतो, आणि तो साका म्हणजे झाडाच्या तोंडचा घास गेलाच म्हणायचा. हे पुस्तकात एका ओळीत होतं. तिथे मी साका डोळ्यांनी पाहिला आणि ती ओळ कायमची कळली.

माझ्या हातून पहिली मोठी चूक इथेच झाली. माध्यमाचा सामू (पीएच) ५.८ ला आणायचा असतो. मी आम्ल थोडं जास्त घातलं, सामू पाचाच्या खाली गेला, आणि मीटरवरचा आकडा स्थिर व्हायची वाट न बघता पुढे गेले. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या भांड्यातून, बाहेर आलेल्या १२० बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळीही पातळच होत्या. आम्लात अगर उकळला की त्याचे धागे तुटतात आणि तो गोठतच नाही. प्रयोगशाळेच्या मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी मला मीडियाच्या वहीत नोंद करायला लावली: तारीख, बॅच क्रमांक, काय चुकलं, कुणाच्या हातून, किती बाटल्या टाकल्या. खाली सही. त्या वहीत दहा-बारा वर्षांपूर्वीच्या नोंदी होत्या आणि काही नोंदींखाली मॅडमचीच सही होती.

ऑटोक्लेव्हबद्दल माझा समज होता की दाबाचा काटा १५ पाऊंडांवर आला म्हणजे झालं. पण भांड्यातली थंड हवा आधी पूर्ण बाहेर काढली नाही, तर काटा १५ दाखवतो आणि आतलं तापमान १२१ अंशांपर्यंत पोचलेलं नसतं. जिवाणूंचे बीजाणू मारायला तापमान लागतं, दाब हा नुसता तिथवर नेणारा रस्ता. म्हणून झडपेतून वाफेची सलग धार येईपर्यंत ती उघडी ठेवायची. बाटल्यांना लावलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात, त्यावरही भिस्त ठेवायची नाही, कारण पट्टीला उष्णता लागली एवढंच त्यातून कळतं. उलट जास्त वेळ ठेवलं तर साखर करपून माध्यम तांबूस होतं. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं.

तिसऱ्या आठवड्यात लॅमिनार आलं. आत जाताना केस टोपीत, तोंडाला मास्क, वेगळ्या चपला, नखं कापलेली. बांगड्या, अंगठ्या बाहेरच्या डब्यात. तिथल्या ऑपरेटर बहुतेक आसपासच्या गावांतल्या विवाहित बायका. हिरव्या बांगड्या रोज काढून रोज घालणं अवघड, म्हणून कित्येकींनी घरी समजावून सांगून हात मोकळेच ठेवले होते. मला ज्यांच्या शेजारी बसवलं त्या ताई दहावी शिकलेल्या आणि चौदा वर्षं त्याच जागेवर. एका पाळीत दीडेकशे बाटल्या त्यांच्या हाताखालून जायच्या. हातांची घाई कधी दिसायची नाही.

"मॅडम, श्वास हळू घ्या आणि बोलू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी त्यांना म्हटलं, मला मॅडम म्हणू नका. त्यावर त्या हसल्या आणि तीन महिने मला 'पोरी' म्हणाल्या.

काम असं: अतिनील दिवा अर्धा तास लावून बंद करायचा, पंखा पंधरा मिनिटं चालू द्यायचा, ७० टक्के अल्कोहोलनं पाटा पुसायचा. शंभर टक्के का नाही, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पाणी नसेल तर अल्कोहोल जंतूच्या आत नीट शिरत नाही, आणि उडूनही लवकर जातं. पुसलेले हात पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीजवळ न्यायचे नाहीत, एवढं एक पुस्तकात नव्हतं. मग चिमटा आणि ब्लेड तापवायचं, निववायचं, बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं, कोंबांचा गुच्छ बाहेर काढून निर्जंतुक कागदावर ठेवायचा, काळी पडलेली पानं छाटायची, गुच्छ दोन-तीन भागांत चिरायचा, नव्या माध्यमात बसवायचा. केळीच्या कोंबाचा मधला शेंडा उभा चिरला की बाजूचे डोळे जागे होतात, आणि माध्यमातलं बीएपी हे संप्रेरक त्यांना फुटायला लावतं. दर चार आठवड्यांनी एकाचे दोन-तीन. याच गुणाकारावर सगळा धंदा उभा आहे.

आणि प्रत्येक बाटलीवर लेबल: वाणाचं नाव, मातृझाडाचा, म्हणजे ज्याच्यापासून सुरुवात केली त्या झाडाचा, क्रमांक, गुणाकाराची कितवी फेरी, तारीख, ऑपरेटरची आद्याक्षरं, त्या दिवशीचा बाटलीचा अनुक्रमांक. पहिल्या दिवशी मला हे शेवटचं फार जाचक वाटलं. एवढं काम हातात असताना प्रत्येक बाटलीला आकडा कशाला? ताई म्हणाल्या, लिही, आठ दिवसांनी कळेल.

आठ दिवसांनी कळलं. माझ्या पहिल्या ४० बाटल्यांपैकी २४ खराब झाल्या. काहींत पांढरी-हिरवी बुरशी, काहींत कोंबाच्या बुडाशी दुधासारखी साय. माझा चेहरा बघून ताईंनी काही न बोलता सगळ्या बाटल्या अनुक्रमांकानं टेबलावर मांडल्या आणि मला नुसतं बघायला सांगितलं. हळूहळू दिसायला लागलं. ३, ७, ८, १४ या बाटल्यांत बुरशी होती आणि ती कोंबापासून लांब, मोकळ्या माध्यमावर उगवली होती. म्हणजे ती वरून पडली. "उघड्या बाटलीवरनं हात नेलास," ताई म्हणाल्या. मग १९ पासून जवळजवळ सगळ्या बाटल्यांत कोंबाच्या बुडाशी साय. १९ व्या बाटलीच्या वेळी मी कोंब घ्यायला जी मातृबाटली उघडली तिच्यातच जिवाणू होते. बाहेरून ती स्वच्छ दिसत होती. पुढच्या प्रत्येक वेळी चिमटा पुरेसा न तापवता मी तेच जिवाणू पुढे वाढत गेले.

मी त्या टेबलाजवळ बराच वेळ उभी राहिले. काचेच्या चाळीस बाटल्या आणि त्यांवर माझ्याच अक्षरातले आकडे, आणि त्यातून दोष कुठून शिरला ते इतकं स्पष्ट वाचता येत होतं. मला आमची सातशे झाडं आठवली. त्यांच्यावर असा एकही आकडा नव्हता. कुठल्या मातृझाडाची, कितव्या फेरीची, शेतात कुठल्या ओळीत लागलेली, काहीच नाही. आम्ही रोपं उतरवून घेतली, पिशव्या फाडल्या, लावली. कंपनीच्या माणसाशी भांडायला आमच्याकडे जे हवं होतं, ते आम्ही स्वतःच ठेवलेलं नव्हतं आणि त्यांच्याकडून मागितलंही नव्हतं.

खराब बाटल्या तिथेच उघडत नाहीत. आधी बंदच्या बंद ऑटोक्लेव्ह करतात, मग धुलाईला देतात. त्या २४ बाटल्या मी स्वतः धुतल्या.

यानंतर सुरुवातीच्या टप्प्यावर, म्हणजे मुनव्यांवर काम केलं. तलवारीसारखी अरुंद पानं असलेला मुनवा निवडायचा, माती धुवायची, वरचे पापुद्रे उतरवत शेंड्याभोवतीचा गड्डा लहान करत न्यायचा. मग निर्जंतुकीकरण. त्या प्रयोगशाळेत अजून ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड काही मिनिटं वापरत आणि नंतर निर्जंतुक पाण्यानं तीन वेळा धुवत. हे रसायन जहाल विषारी आहे, त्याचं पाणी गटारात जाऊ न देता वेगळं साठवावं लागतं. मला हे पटलं नाही. हायपोक्लोराइटवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. थोडं कमी यश आलं तरी पाऱ्याचं रसायन बायकांच्या हाताखालून रोज जाऊ नये, असं मी तिथेही बोलून दाखवलं आणि आजही माझं मत तेच आहे. केळीचा गड्डा कापला की तो काळा पडतो, त्यातून निघणारी फिनॉलं माध्यमातही उतरतात. त्यासाठी ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात आणि पहिले काही दिवस लवकर लवकर माध्यम बदलतात. घरी केळफूल सोलताना आईचे हात काळे व्हायचे, जवळपास तसंच हे.

कितव्या फेरीपर्यंत जायचं, यावर मी मॅडमना खूप प्रश्न विचारले. त्यांचा नियम सात-आठ फेऱ्यांचा. त्यापुढे त्याच कोंबांपासून वाढवत राहिलं तर विचित्र झाडं निघण्याचं प्रमाण वाढतं: बुटकी, पानं जाड झालेली, घड न भरणारी. बाटलीत ती ओळखू येत नाहीत, शेतात आठ महिन्यांनी ओळखू येतात. फेऱ्या वाढवल्या तर त्याच मातृझाडातून फुकटात हजारो रोपं मिळतात, म्हणून मोह होतो. लेबलवरचा फेरीचा आकडा हा या मोहावरचा एकमेव लगाम आहे.

आणि मग शेवटी विषाणू तपासणीचा आठवडा, ज्यासाठी मी आले होते. आधी दोन दिवस मायक्रोपिपेट धरायला शिकलो. तराजूवर पाणी सोडायचं: शंभर मायक्रोलिटर म्हणजे ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. अंगठा पहिल्या थांब्यापर्यंत दाबून पाणी घ्यायचं, दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून सोडायचं. सुरुवातीला माझे आकडे दर वेळी वेगळे यायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सलग दहा वेळा बरोबर आले तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं.

एलायझा या विषाणू ओळखण्याच्या चाचणीत ९६ खाचांच्या प्लेटमध्ये पानांचा रस घालतो, विषाणू असेल तर खाच पिवळी होते. शेजारी खात्रीचा रोगी नमुना आणि खात्रीचा निरोगी नमुना हवाच, नाहीतर पिवळ्याचा अर्थच लागत नाही. पर्णगुच्छ या केळीच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू डीएनएचा, त्यासाठी पीसीआर चालतो. हरण्याचा विषाणू आरएनएचा, म्हणून आधी आरएनएपासून डीएनएची प्रत तयार करावी लागते. मॅडमनी इथे जे सांगितलं ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. टिश्यू कल्चर केल्यानं रोप आपोआप विषाणूमुक्त होत नाही. बुरशी आणि बहुतेक जिवाणू माध्यमात उगवून स्वतःला उघड करतात. विषाणू माध्यमात उगवत नाही. तो कोंबाबरोबर शांतपणे वाढतो आणि एका रोगी मुनव्यापासून हजारो रोगी रोपं तयार होतात. म्हणून मातृझाड तपासायचं, आणि नंतर रोपांची बॅचही तपासायची. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ साली ऊतीसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत सुरू केली, तिचा गाभाच हा आहे. त्यातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून बॅचला प्रमाणपत्र मिळतं आणि ते मागायचा शेतकऱ्याला हक्क आहे. आमच्या गावात ते कुणी मागताना मी पाहिलं नव्हतं.

शेवटचा महिना हार्डनिंग, म्हणजे बाटलीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं. मुळं फुटलेलं रोप बाटलीतून काढलं की आधी मुळांवरचा अगर कोमट पाण्यात पूर्ण धुवायचा. त्यात साखर असते, राहिली तर बुरशी धरते. मग कोकोपीटच्या ट्रेमध्ये, पॉलिहाऊसमध्ये, जवळजवळ धुक्यात. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नीट आलेला नसतो आणि पर्णरंध्रांना मिटायची सवय नसते. आमच्यातल्या एकानं दुपारी दार उघडं ठेवलं आणि तासाभरात दोन ट्रे माना टाकून बसले. ओलावा रोज थोडा थोडा कमी करत पाच-सहा आठवडे, मग पिशवीत, शेडनेटखाली आणखी तितकेच. मला हा भाग सगळ्यात आवडला. मला वाटतं शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही आवडेल.

जेवणाच्या सुट्टीत एकदा प्रयोगशाळेतल्या एका सरांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची गोष्ट सांगितली. बांबूला फुलं यायला कित्येक दशकं लागतात. तिथल्या नाडगौडा, पाराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी काचेच्या भांड्यात वाढवलेल्या बांबूला काही महिन्यांत फुलं आणली आणि १९९० साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. ताई जेवता जेवता ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "बाटल्यांवर लेबलं त्यांनीच लावली असतील ना?" सर म्हणाले, नक्कीच.

प्रशिक्षण संपलं तेव्हा माझ्या हातची शेवटची ५० बाटल्यांची रांग बघायला ताई आल्या. दोन खराब होत्या. त्यांनी त्या दोन उचलून उजेडाकडे धरल्या आणि अनुक्रमांक वाचले. आता मलाही कारण सांगता येत होतं.

यंदा मृगबागेचं बुकिंग करायला आप्पांबरोबर मी गेले. बॅच क्रमांक, मातृझाडाच्या तपासणीचा अहवाल, बॅचचं प्रमाणपत्र, फेरी कितवी, एवढं विचारलं. पहिल्या ठिकाणी नीट उत्तर मिळालं नाही, आम्ही उठलो. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी फाईल काढून दिली. रोपं आली त्या दिवशी आप्पांनी उतरवून घेण्याआधी दहा रोपांची पानं आम्ही बारकाईनं बघितली. बांधावरची काकडी आणि तण आधीच काढलं होतं, कारण हरण्या त्यांच्यावरही राहतो आणि मावा तिथूनच येतो. आणि दर ओळीच्या तोंडाशी एक खुंटी मारली.

आप्पांच्या जुन्या वहीत आजवर फक्त पैसे आणि पाण्याच्या पाळ्या असायच्या. लावणीच्या संध्याकाळी त्यांनी नवं पान काढलं, मला बॅच क्रमांक पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला सांगितला आणि खाली लिहिलं: ओळ १ ते ९, पहिली बॅच. ओळ १० ते २२, दुसरी.